बक्षिशी नव्हे, हक्काचे वेतन
(ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या जीवनकार्यावरील व्याख्यान)



२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख माणसे जमली होती. त्या दिवसाची स्मृती जगाने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाशी जोडली आहे, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्या सभेत किंग सर्वांच्या शेवटी बोलले. प्रारंभीचे भाषण एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उंच, ताठ कण्याच्या वृद्धाने केले. त्या मोर्चाचा संचालक तोच होता, मोर्चाची कल्पनाही मूळ त्याचीच, आणि ती त्याने बावीस वर्षे उराशी बाळगली होती. मोर्चाचे पूर्ण नाव होते 'रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा'. यातील 'स्वातंत्र्य' हा शब्द जगाच्या लक्षात राहिला. त्याच्या अगोदर येणारा 'रोजगार' हा शब्द मात्र बहुतेक जण विसरले. ज्या माणसाने तो शब्द आयुष्यभर पहिल्या स्थानावर ठेवला, त्याचे नाव असा फिलिप रँडॉल्फ.

वर्णभेदाविरुद्ध झगडणाऱ्या नेत्यांमध्ये रँडॉल्फ यांचे स्थान निराळे आहे. ते धर्मोपदेशक नव्हते, वकील नव्हते. ते कामगारांचे संघटक होते आणि निष्ठेने समाजवादी होते. वर्णविषमता ही केवळ मनातील द्वेषातून उगवते असे त्यांनी कधी मानले नाही. ती मजुरीच्या दरात, नोकरीच्या दारात आणि कामगार संघटनेच्या नियमावलीत कशी वास करते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा विचार हा एका व्यक्तीच्या गौरवापुरता राहत नाही. वर्गलढा आणि सामाजिक समतेचा लढा यांचे नाते काय, या प्रश्नाचा तो विचार ठरतो.

रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लॉरिडा राज्यातील क्रेसेंट सिटी या लहान गावी झाला. वडील आफ्रिकन मेथडिस्ट पंथाचे उपदेशक. पण त्या गरीब मंडळींकडून पोटापुरते मिळत नसल्याने ते शिवणकामही करीत. आई शिवणकामात निपुण. कुटुंब पुढे जॅक्सनव्हिल येथे स्थायिक झाले. यादवी युद्धानंतर दास्य संपले होते, परंतु दक्षिणेतील राज्यांनी कायद्याच्या बळावर काळ्या-गोऱ्यांची फारकत करण्याचा सपाटा लावला होता. ट्राममध्ये, वाचनालयात, सर्वत्र वेगळी जागा. या कुटुंबाचा दंडक असा की मुलांनी अशा ट्राममध्ये बसायचे नाही आणि अशा वाचनालयात पाऊलही टाकायचे नाही. पायी चालावे, पण अपमान विकत घेऊ नये. एकदा तुरुंगातील एका कृष्णवर्णीय कैद्याला जमाव ठार मारणार अशी वार्ता आली, तेव्हा वडील अन्य मंडळींबरोबर पिस्तूल घेऊन तुरुंगाच्या रक्षणास गेले आणि आई रात्रभर मांडीवर बंदूक घेऊन दारात बसली. तो कैदी वाचला. संघटित प्रतिकाराचा पहिला धडा त्या बालकाने असा घरातच गिरविला.

कुकमन संस्थेतून १९०७ साली वर्गात पहिला येऊनही जॅक्सनव्हिलमध्ये या तरुणाला मिळण्याजोगे काम अंगमेहनतीचेच होते. १९११ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे हार्लेम गाठले. मनातून त्यांना नट व्हायचे होते. शेक्सपिअरची नाटके त्यांनी तोंडपाठ केली होती. घरच्यांच्या विरोधामुळे रंगभूमी सुटली, परंतु तो घुमणारा आवाज आणि शुद्ध, रेखीव इंग्रजी पुढे लक्षावधी श्रमिकांच्या कामी आली. दिवसा उद्वाहन चालविणे, उपाहारगृहात वाढपी होणे अशी कामे आणि रात्री सिटी कॉलेजात इतिहास व अर्थशास्त्राचे वर्ग, असा क्रम चालला. तेथेच मार्क्सच्या विचारांशी परिचय झाला आणि युजीन डेब्स यांचे प्रभावक्षेत्र त्यांना लाभले. १९१४ मध्ये त्यांचा ल्यूसिल ग्रीन यांच्याशी विवाह झाला. ल्यूसिलबाईंचे केशभूषा केंद्र चांगले चालत असे. पतीच्या चळवळीचा आणि नियतकालिकाचा खर्च वर्षानुवर्षे या बाईंच्या कमाईतून भागला. चरित्रग्रंथांत अशा स्त्रियांच्या वाट्याला दोन ओळी येतात. जमाखर्चाच्या वहीत मात्र त्यांचे नाव पहिल्या पानावर असावयास हवे.

मित्र चँडलर ओवेन यांच्यासह रँडॉल्फ यांनी प्रथम वाढप्यांच्या एका संघटनेचे मासिक चालविले. मुख्य वाढपी हे हाताखालच्या वाढप्यांना गणवेश विकताना मधल्या मध्ये पैसे खातात, हे त्यांनी छापले आणि दोघांची हकालपट्टी झाली. कृष्णवर्णीयांचे शोषण कृष्णवर्णीयही करतात, हे सत्य त्यांनी दडविले नाही. त्याच वर्षी, १९१७ च्या नोव्हेंबरात, त्यांनी 'मेसेंजर' हे स्वतःचे मासिक काढले. युद्धाला उघड विरोध, समाजवादाचा पुरस्कार आणि वर्णभेदावर प्रहार अशी त्याची त्रिसूत्री होती. १९१८ मध्ये क्लीव्हलंड येथे युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघांना अटक झाली. न्यायाधीशाला हे लेखन या दोन कृष्णवर्णीय 'पोरांनी' केले असेल हे पटेचना. कोणा गोऱ्या समाजवाद्यांनी यांना हाताशी धरले असावे, अशी समजूत करून घेऊन त्याने त्यांना सोडून दिले. वर्णाहंकाराने येथे तुरुंगाचे दार उघडले, ते असे! १९२० साली समाजवादी पक्षातर्फे न्यूयॉर्क राज्याच्या हिशेबनियंत्रकपदाची निवडणूक लढवून त्यांनी दोन लाखांवर मते मिळविली.

तथापि लेखन आणि निवडणुका यांतून चळवळीला पाया मिळाला नव्हता. तो १९२५ साली रेल्वेच्या डब्यात मिळाला.

येथे पुलमन कंपनीच्या अर्थकारणाकडे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. जॉर्ज पुलमन यांनी यादवी युद्धानंतर आलिशान शयनयानांचा धंदा उभारला. गाड्यांचे रूळ आणि इंजिने निरनिराळ्या कंपन्यांची, पण शयनयाने व त्यांतील सेवक पुलमनचे. या सेवेसाठी त्यांनी नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या माणसांची भरती केली. कारण उघड होते: मजूर स्वस्त, आज्ञाधारकपणाची सक्तीची सवय असलेला, आणि अन्यत्र दार बंद असल्यामुळे सोडून न जाणारा. श्रमाच्या बाजारात एकच गिऱ्हाईक असले म्हणजे भाव कोण ठरवितो, हे सांगावयास नको. १९२० च्या दशकात सुमारे १२ हजार कृष्णवर्णीय या कंपनीत पोर्टर होते. पुलमन यांच्या मृत्यूनंतर कंपनीची सूत्रे ज्यांच्याकडे आली ते रॉबर्ट टॉड लिंकन, दास्यविमोचक अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. इतिहासाला उपरोधाचे वावडे नाही!

१९२५ साली पोर्टरचे मूळ मासिक वेतन होते साडेसदुसष्ट डॉलर. त्यासाठी महिन्याला ११ हजार मैलांचा प्रवास किंवा सुमारे ४०० तास काम अपेक्षित असे. हिशेब केला तर ताशी सतरा सेंटही पडत नाहीत. गाडी सुटण्यापूर्वी डबा सज्ज करण्याचा वेळ या तासांत धरीत नसत. जेवण स्वतःचे; प्रवाशांचे जोडे पुसण्याचे पॉलिशदेखील स्वतःच्या पैशाने आणावयाचे. रात्री तीन-चार तास झोप मिळाली तर मिळाली. उरलेली तूट भरून निघे ती बक्षिशीतून. कंपनीने बक्षिशी गृहीत धरूनच वेतन ठरविले होते. याचा अर्थ असा की सेवकाच्या वेतनाचा एक भाग मालकाने प्रवाशाच्या मर्जीवर सोपविला होता. प्रवाशाने मर्जी धरावी म्हणून सेवकाने सतत हसतमुख आणि लवून राहावे. वेतन कमी ठेवण्याची आणि माणूस वाकलेला ठेवण्याची ही एकच योजना होती. गोरे प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. मालकाचे नाव गुलामाला देण्याची जुनी रीत रेल्वेच्या डब्यात अशी चालू राहिली होती.

आता दुसरी बाजू पाहा. १८९४ साली याच पुलमन कंपनीविरुद्ध डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनचा प्रसिद्ध बहिष्कार व संप झाला. केंद्र सरकारने सैन्य घालून तो चिरडला. ही कथा समाजवाद्यांना ठाऊक असते. परंतु त्याच वर्षी त्या युनियनच्या अधिवेशनाने, डेब्स यांचा विरोध असताही, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते, हे फारसे सांगितले जात नाही. गोऱ्या कामगाराने ज्याला संघटनेबाहेर ठेवले, त्याच्यावर मालकाने हात ठेवला तर दोष कोणाचा? कामगारांची फूट ही मालकाची भांडवली गुंतवणूक असते, आणि त्या गुंतवणुकीवरील व्याज गोरा कामगारही कमी मजुरीच्या रूपाने भरत असतो. रँडॉल्फ यांच्या अर्थविचाराचा गाभा तो हाच.

ॲशली टॉटन नावाच्या एका पोर्टरने रँडॉल्फ यांना नेतृत्वासाठी गळ घातली. ते स्वतः पोर्टर नव्हते, म्हणजे कंपनीला त्यांना कामावरून काढता येणार नव्हते, हा त्यांच्या निवडीमागचा व्यवहारी हिशेब. २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेमच्या एल्क्स सभागृहात सुमारे ५०० पोर्टर जमले. सभेत कंपनीचे हेर असणार हे सर्वांना माहीत होते. म्हणून त्या रात्री एकाही पोर्टरने तोंड उघडले नाही. गाऱ्हाणी, मागण्या, सगळे काही एकट्या रँडॉल्फ यांनीच मांडले. 'ब्रदरहूड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स' या संघटनेचा जन्म अशा मूक सभेत झाला.

त्यानंतरची बारा वर्षे हे या चरित्रातील खरे वीरपर्व आहे, आणि त्यात रोमहर्षक असे फारच थोडे घडले. कंपनीने सभासदांना शोधून बडतर्फ केले. मालकधार्जिणी संघटना आधीच उभी होती, ती पुढे केली. पोर्टरांच्या जागी फिलिपिनो सेवक नेमून धाक दाखविला. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांतील काहींनी आणि धर्मोपदेशकांतील अनेकांनी कंपनीची बाजू घेतली. एवढ्या लोकांना काम देणाऱ्या उपकारकर्त्याशी वैर कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. १९२८ मध्ये संपाच्या बाजूने प्रचंड मतदान झाले, परंतु सरकारी लवाद मंडळाने हस्तक्षेप नाकारला, आणि बदली माणसे तयार ठेवून कंपनी वाट पाहत आहे हे दिसताच संप मागे घ्यावा लागला. निराशेने सभासद गळू लागले. 'मेसेंजर' बंद पडले. त्यातच महामंदी आली. १९३३ च्या सुमारास सभासदसंख्या अवघी साडेसहाशेवर आली. कचेरीचे भाडे थकले, वीज तुटली, नेत्याच्या अंगावरचा एकुलता निळा सूट झिजून चकाकू लागला. त्याने नोकरीची आणि पैशाची आमिषे मात्र परतवून लावली. शिकागोचे मिल्टन वेब्स्टर, ओकलंडचे सी. एल. डेलम्स अशा मूठभर सहकाऱ्यांनी आणि पोर्टरांच्या बायकांनी भाकरी विकून, सहभोजने भरवून संघटनेचा श्वास चालू ठेवला.

मग परिस्थिती फिरली. रूझवेल्ट यांच्या काळात, १९३४ मध्ये, रेल्वे श्रमिक कायद्यात दुरुस्ती होऊन पोर्टरांना संघटनेचा हक्क मिळाला. १९३५ च्या गुप्त मतदानात ब्रदरहूडला ५,९३१ आणि कंपनीच्या बाजूच्या संघटनेला १,४२२ मते पडली. दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर २५ ऑगस्ट १९३७ रोजी, संघटनेच्या बाराव्या वाढदिवशी, करार झाला. किमान वेतन साडेएकोणनव्वद डॉलर आणि महिन्याचे तास २४०. १९२५ च्या मानाने ताशी दर दुपटीहून अधिक झाला. अमेरिकेतील बड्या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी केलेला हा पहिलाच करार. पण आकड्यांपेक्षाही मोठी गोष्ट अशी की बक्षिशीवर जगणाऱ्या माणसाने मेजाच्या पलीकडे बसून मालकाशी बरोबरीने बोलणी केली होती.

येथपर्यंतची कथा एका धंद्यातील कामगारांची. येथून पुढे ती राष्ट्राची होते. १९४० मध्ये युरोपातील युद्धामुळे अमेरिकेतील शस्त्रास्त्रांचे कारखाने धडधडू लागले. गोऱ्यांची बेकारी हटू लागली. कृष्णवर्णीयांना फाटकावरूनच परत पाठवीत. शिष्टमंडळे भेटली, निवेदने झाली, अध्यक्षांनी गोड शब्द दिले. जानेवारी १९४१ मध्ये रँडॉल्फ यांनी घोषणा केली की आता वॉशिंग्टनवर मोर्चा निघेल. प्रथम दहा हजारांची भाषा होती, मग एक लाखाची झाली. दिवस ठरला १ जुलै. १८ जून रोजी रूझवेल्ट यांनी त्यांना बोलावून घेतले आणि मोर्चा रद्द करण्याची विनंती केली. रँडॉल्फ यांनी विनयाने, परंतु स्वच्छ शब्दांत सांगितले की हुकूम निघाल्याशिवाय ते शक्य नाही. २५ जून १९४१ रोजी अध्यक्षीय आदेश ८८०२ निघाला. संरक्षण उद्योगांत व केंद्रीय सेवेत वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई झाली आणि देखरेखीसाठी समिती नेमली गेली. मोर्चा स्थगित झाला. सैन्यातील विभागणी आदेशातून वगळली होती, म्हणून बायर्ड रस्टिन यांच्यासारखे तरुण रागावले. समितीला दातही नव्हते, आणि १९४६ मध्ये ती संपली. तरीही युद्धोद्योगांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण दोन-तीन वर्षांत सुमारे ३ टक्क्यांवरून ८ टक्क्यांपर्यंत गेले. त्यात मजुरांच्या टंचाईचाही वाटा होता हे खरे. पण टंचाईने उघडलेल्या दारात पाय रोवण्यास आदेशाचा आधार मिळाला, हेही तितकेच खरे.

या काळात रँडॉल्फ यांनी दोन निर्णय घेतले, त्यांचा विचार समाजवाद्यांनी अवश्य करावा. पहिला निर्णय कम्युनिस्टांच्या संबंधातला. १९३६ पासून ते नॅशनल नीग्रो काँग्रेसचे अध्यक्ष होते. ती संस्था कम्युनिस्टांच्या कह्यात गेल्याचे दिसताच १९४० मध्ये त्यांनी पद सोडले. परक्या सत्तेच्या धोरणानुसार भूमिका बदलणारी संघटना आणि बाहेरच्या पैशावर चालणारी संघटना आपल्या माणसांना जबाबदार राहू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच १९४१ च्या मोर्चात केवळ कृष्णवर्णीयांनी यावे आणि त्यांनीच पैसा उभारावा, हा त्यांचा आग्रह. तो वर्णद्वेष नव्हता. लवून वागण्याची सवय लावलेल्या माणसाला स्वतःच्या पायांवर उभे करण्याची ती रीत होती.

दुसरा निर्णय सत्याग्रहाचा. १९४२ च्या अखेरीपासून ते गांधीजींच्या मार्गाचा उघड पुरस्कार करू लागले. भारतातील चळवळीची हुबेहूब नक्कल त्यांना नको होती. येथे परकी राज्य घालवायचे होते. तेथे एका अल्पसंख्य समाजाला स्वतःच्याच राज्यघटनेची अंमलबजावणी हवी होती. हा फरक ओळखून त्यांनी अहिंसक प्रत्यक्ष कृतीचे तंत्र स्वीकारले. दांडीयात्रेत सहभागी झालेले कृष्णलाल श्रीधराणी यांचे सत्याग्रहावरील पुस्तक त्या वेळी अमेरिकेतील तरुण कार्यकर्ते अभ्यासत होते. या तंत्राचा पहिला मोठा कस १९४८ मध्ये लागला. शांततेच्या काळात सक्तीची सैन्यभरती येणार होती आणि तीही काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या पलटणींसह. रँडॉल्फ यांनी अध्यक्ष ट्रूमन यांना तोंडावर सांगितले की घरी लोकशाही नसताना परदेशी लोकशाहीसाठी बंदूक उचलण्यास कृष्णवर्णीय तयार नाहीत. सिनेटच्या समितीपुढे त्यांनी तरुणांना भरती नाकारण्याचा सल्ला देऊ असे जाहीर केले. हा राजद्रोह ठरेल, असा इशारा मिळाला. परिणाम भोगण्यास सिद्ध आहोत, असे त्यांचे उत्तर होते. २६ जुलै १९४८ रोजी सैन्यात समान वागणुकीचा आदेश निघाला. एकही गोळी न झाडता, दोन अध्यक्षांकडून दोन आदेश त्यांनी मिळविले होते.

संघटना बांधून ठेवली म्हणजे ती न मागताही फळ देते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, तेव्हा त्यांना जामिनावर सोडवून आणणाऱ्यांत ई. डी. निक्सन हे होते. ते पुलमनचे पोर्टर आणि ब्रदरहूडच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष. बसबहिष्काराची उभारणी करण्यात आणि सव्वीस वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यात ओढण्यात निक्सन यांचा पुढाकार होता. १९२५ च्या मूक सभेत पेरलेले बी तीस वर्षांनी दक्षिणेत असे उगवले.

मजूर चळवळीतील घरचा लढा मात्र अधिक कडू होता. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरच्या अधिवेशनांत रँडॉल्फ दरवर्षी उभे राहत आणि कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारणाऱ्या संघटनांना काढून टाका, असा ठराव मांडत. दरवर्षी तो पडे. पुढे १९५५ च्या एकीकरणानंतर ते संयुक्त महासंघाचे उपाध्यक्ष झाले, तरी ठराव सुटला नाही. १९५९ च्या अधिवेशनात अध्यक्ष जॉर्ज मीनी यांनी संतापून, सगळ्या नीग्रोंचे पालकत्व तुम्हाला दिले कोणी, असा उर्मट सवाल केला. १९६१ मध्ये महासंघाच्या कार्यकारिणीने रँडॉल्फ यांच्याच निषेधाचा ठराव केला. त्यांनी महासंघ सोडला नाही आणि टीकाही सोडली नाही. घर आपले आहे म्हणूनच ते झाडावयाचे, ही त्यांची वृत्ती.

अखेर १९६३ चा मोर्चा आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ल्यूसिलबाई निवर्तल्या होत्या. मोर्चाच्या प्रत्यक्ष उभारणीसाठी रँडॉल्फ यांनी बायर्ड रस्टिन यांना निवडले. रस्टिन समलिंगी होते आणि तरुणपणी कम्युनिस्ट होते, म्हणून इतर नेते बिचकले. सिनेटमध्ये त्यांची उघड निंदा झाली. रँडॉल्फ ठामपणे पाठीशी उभे राहिले. मोर्चाच्या मागण्यांत नागरी हक्कांच्या कायद्याबरोबर बेकारांसाठी सार्वजनिक कामे आणि ताशी २ डॉलर किमान वेतन ही कलमे होती. त्या वेळचे कायदेशीर किमान वेतन सव्वा डॉलरपेक्षाही कमी होते. ज्या हॉटेलात प्रवेशाचा हक्क मिळाला, त्याचे बिल भागविता येत नसेल तर तो हक्क काय कामाचा, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

या लढ्याशी भारतीय समाजवाद्यांचे नाते केवळ सहानुभूतीचे नाही. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपीतील जॅक्सन शहरी गेले असता त्यांना एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. त्यांनी हटण्यास नकार दिला, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. संसदेचा हा सदस्य धोतर-कुर्त्यात त्या दारात उभा राहिला. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा संमत होऊन ती दारे उघडली. आणि महाराष्ट्राला तर या प्रश्नाची ओळख फार आधीच पटावयास हवी होती. ब्रदरहूडचा करार झाला त्यानंतर सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्याला गँगमन होता येते, पण पोर्टर होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तेथे विटाळ आडवा येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. अमेरिकेत वर्णामुळे पोर्टरच व्हावे लागे. येथे जातीमुळे पोर्टरही होता येत नसे. दोन्हीकडे कामगार संघटनांनी बराच काळ डोळे मिटून घेतले.

रँडॉल्फ यांच्या अखेरच्या मोठ्या उद्योगाला बहुतेक चरित्रलेखक दोन वाक्यांत निकालात काढतात; अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. १९६६ मध्ये त्यांच्या नावाच्या संस्थेने 'स्वातंत्र्याचा अर्थसंकल्प' प्रसिद्ध केला. त्याच्या रचनेत ट्रूमन यांचे आर्थिक सल्लागार लिऑन कीझरलिंग यांचा मोठा हात होता. दहा वर्षांत सुमारे १८५ अब्ज डॉलर खर्चून पूर्ण रोजगार, हमीचे उत्पन्न, घरे, आरोग्य आणि शिक्षण यांची तरतूद करावी, अशी ती योजना. पैसा कोठून आणावयाचा? तर बेकार हात कामाला लागल्यावर जे अधिक उत्पादन होईल, त्यातून शासनाला जो अधिक महसूल मिळेल, त्यातून. आणि योजनेचा लाभ केवळ कृष्णवर्णीयांना नव्हता. अमेरिकेतील गरिबांत बहुसंख्य गोरेच होते. वर्णाच्या लढ्यातून निघालेला नेता शेवटी सर्व दरिद्री माणसांच्या मागणीपाशी येऊन पोहोचला होता. पण तोवर व्हिएतनामच्या युद्धाने तिजोरी गिळण्यास प्रारंभ केला होता. अर्थसंकल्पाने युद्धाच्या प्रश्नावर भूमिका घेण्याचे टाळले, त्यामुळे डाव्यांची टीका ओढवली आणि काँग्रेसनेही योजना बाजूला सारली.

या टीकेत तथ्य होते. पहिल्या महायुद्धाला विरोध करून अटक पत्करणारा माणूस उतारवयात अशा प्रश्नावर मौन पाळतो, हे खटकल्याशिवाय राहत नाही. १९६३ च्या मोर्चात एकाही स्त्रीला प्रमुख भाषणाचा मान दिला गेला नाही, आणि ज्या पत्रकारसंघात स्त्रियांना सज्जात बसवीत तेथे रँडॉल्फ यांनी भाषण केले, याबद्दल पॉली मरे यांनी त्यांना खडसावले होते. सज्जात बसविणे म्हणजे बसच्या मागच्या बाकावर बसविणेच, हे त्यांना समजावयास हवे होते. १९६८ च्या न्यूयॉर्कमधील शिक्षकांच्या संपात ते शिक्षकसंघटनेच्या बाजूने उभे राहिले आणि कृष्णवर्णीय तरुणांना ते परके वाटू लागले. एका पिढीचे बंडखोर पुढच्या पिढीला सावध वाटतात. यातून थोडेच सुटतात.

१९६८ मध्ये त्यांनी ब्रदरहूडचे अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षाअखेर पुलमन कंपनीने शयनयानसेवा बंद केली. विमानांनी आणि मोटारींनी तो धंदाच संपविला होता. १९७८ मध्ये संघटना दुसऱ्या मोठ्या संघटनेत विलीन झाली. पुढच्याच वर्षी, १६ मे १९७९ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी रँडॉल्फ यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले. मागे संपत्ती नाही, संतती नाही.

मित्रहो, पोर्टर गेले, डबे गेले, कंपनी गेली. मग उरले काय? वेतनाचा भार ग्राहकाच्या मर्जीवर टाकून कामगाराला वाकविण्याची युक्ती मात्र शिल्लक आहे; कंत्राटी कामगारांच्या आजच्या जगात तिने नवे पोशाख केले आहेत. आणि शोषितांतील शोषितांना संघटनेच्या दाराबाहेर ठेवण्याची सवयही पुरती गेलेली नाही. वर्ग आधी की वर्ण आधी, वर्ग आधी की जात आधी, या वादात अनेक बुद्धिमान माणसांनी आयुष्ये खर्ची घातली. रँडॉल्फ यांनी तो वाद घातला नाही. ज्याला 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत, त्याला त्यांनी प्रथम स्वतःचे नाव मिळवून दिले, मग वेतन, आणि मग त्याच माणसाच्या बळावर एका राष्ट्राचे कायदे बदलून घेतले. या तिहींपैकी एकही पायरी त्यांनी गाळली नाही. हे काम करावयास त्यांना बारा वर्षे एका कोंदट कचेरीत, थकलेल्या भाड्याच्या चिंतेत बसावे लागले. समतेची मोठी भाषणे लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर होतात. तिची तयारी अशाच कचेऱ्यांत होत असते.